गाव म्हणजे फिलर नव्हे

गेले दोन महिने एका शब्दाने माझं डोकं उठवलं आहे. शब्द आहे 'फिलर'. मराठीत भरताड म्हणा, पाणी घालणं म्हणा. ॲनिमेशन मालिका बघणाऱ्या पोरांच्या तोंडी तो इतका बसलाय की वापरताना कुणी क्षणभर थांबतसुद्धा नाही. आणि पोरांचंच कशाला? माझ्याच वयाचे, चांगले चाळिशी ओलांडलेले एक ब्लॉगमित्र परवा लिहून गेले, मालिका उत्तम आहे, फक्त मधले गावातले भाग गाळून बघा. गाळून! चहा आहे का तो?

तर आजची पोस्ट त्या गाळणीविरुद्ध आहे. लांबलचक आहे, आधीच सांगते. आत्या, काकू, तुम्ही कार्टून बघत नाही हे मला माहीत आहे, पण वाचा. पुढे आपली झरी येणार आहे, गंगाखेडची जनाबाई येणार आहे, झालंच तर तमाशासुद्धा येणार आहे. :)

आधी मालिकेबद्दल. नाव 'स्टीवन युनिव्हर्स'. अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर ४ नोव्हेंबर २०१३ ला सुरू झाली, जानेवारी २०१९ मध्ये संपली. १६० भाग, एकेक भाग साधारण अकरा मिनिटांचा. निर्माती रिबेका शुगर. त्या वाहिनीवर एकट्या बाईने निर्माण केलेली ही पहिली मालिका. गोष्ट अशी, की स्टीवन नावाचा एक पोरगा आहे. त्याची आई अंतराळातून आलेल्या रत्नांच्या जातीतली, जेम्स म्हणतात त्यांना. बाप साधा माणूस. गाड्या धुण्याचा धंदा आणि राहायला एक व्हॅन. आई नाही. तिच्या तीन सोबतिणी, गार्नेट, ॲमेथिस्ट आणि पर्ल, पोराला सांभाळतात आणि पृथ्वीचं रक्षण करतात. कारण त्यांच्या मूळ ग्रहाचं साम्राज्य पृथ्वी पोखरून टाकायला निघालं होतं, आणि या मूठभर जणींनी बंड केलं होतं. हे झालं मुख्य कथानक.

आणि मग आहे गाव. बीच सिटी. समुद्रकाठचं छोटंसं काल्पनिक गाव. डोनटच्या दुकानात लार्स आणि सेडी नावाची दोन तरुण पोरं नोकरी करतात. एक बटाट्याच्या फ्राइजची टपरी, तिथला बाप आणि त्याची दोन मुलं. एक पिझ्झाचं दुकान, तिथे कोफी, त्याची म्हातारी आई नानेफुआ आणि जुळ्या मुली. एक बडबड्या महापौर. एक नाटकवेडा पोस्टमन. ओनियन नावाचं एक अजब पोर, जे बोलतच नाही. आणि स्टीवनची मैत्रीण कॉनी महेश्वरन. हो, महेश्वरन! आई डॉक्टर, कडक शिस्तीची, आपल्या ओळखीतल्या कुठल्याही डॉक्टरीणबाईंसारखी. दर काही भागांनंतर अंतराळातलं युद्ध बाजूला राहतं आणि अकरा मिनिटं नुसती या लोकांची गोष्ट चालते. याच भागांना तिकडचे प्रेक्षक 'टाउनी' भाग म्हणतात, आणि याच भागांवर सगळ्यांचा राग.

माझा भाचा परभणीला असतो. या सुट्टीत तो आणि मी, दोघंही झरीला होतो. त्याच्या फोनमध्ये एक यादी आहे. कुठले भाग बघायचे, कुठले टाळायचे. शेजारी बसून मला मार्गदर्शन चाललेलं असतं. "मावशी, हे कशाला बघायलीस? ह्यात काहीच होत नाही. डायरेक्ट पुढच्यावर जा, तिथं स्पेसशिप येतंय." काहीच होत नाही. म्हणजे स्पेसशिप येत नाही.

आता हा शब्द आला कुठून ते बघा. जपानी ॲनिमे मालिका बहुतेक वेळा चालू असलेल्या चित्रकथेवरून, म्हणजे मांगावरून, बनतात. मांगा हळू चालतो, टीव्हीला दर आठवड्याला भाग लागतो. टीव्ही मांगाला गाठतो, मग पुढची गोष्ट येईपर्यंत स्टुडिओवाले स्वतःच्या पदरच्या गोष्टी घालतात. ते फिलर. 'नारुतो'ची पहिली मालिका (२००२ ते २००७) २२० भागांची, त्यातले शेवटचे ऐंशीच्या वर भाग जवळपास सगळे असे पदरचे. म्हणजे हा शब्द मूळचा कारखान्यातला. भाग मूळ पुस्तकातला की बाहेरचा, एवढंच तो सांगतो. आता 'स्टीवन युनिव्हर्स' कुठल्याही मांगावरून बनलेली नाही. तिथे बाहेरचं असं काही नाहीच, जे आहे ते सगळं मूळचंच. पण शब्द तिकडून उचलला आणि त्याचा अर्थ झाला 'ज्यात नायक शत्रूशी लढत नाही तो भाग'. ही व्याख्या लावायची तर आपलं सगळ्यांचं आयुष्य फिलर आहे. माझं तर आहेच. मी आजवर कुणाशी तलवारीने लढलेले नाही.

आणि पाणी घालणं काय असतं ते आपल्या मराठी माणसाला शिकवायला नको. संध्याकाळच्या मालिकांमध्ये एक वाक्य बोललं की घरातल्या सात जणांचे चेहरे तीन-तीनदा दाखवतात. ते पाणी घालणं. पण लक्षात घ्या, तिथे पाणी मुख्य कथानकातच घातलेलं असतं! गावाची, शेजाऱ्याची, दूधवाल्याची गोष्ट सांगून कुणी वेळ काढत नाही. उलट त्या मालिकांमध्ये गाव नसतंच. पंधरा माणसांचा बंगला असतो आणि बाहेर थेट जाहिरात. तेव्हा पाणी घालणं आणि गाव दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी मान्य करा. मग पुढे बोलू.

आता भाचेबुवांनी टाळायला सांगितलेला भाग. नाव 'पोलिटिकल पॉवर', मार्च २०१५. त्या आठवड्यात वाहिनीने रोज एक नवा भाग दाखवायचं ठरवलं होतं. आदल्या दिवशीचा भाग होता 'द मेसेज'. त्यात निरोप येतो की शत्रू निघाला आहे. दुसऱ्या दिवशीच्या भागांत शत्रूचं यान येणार. आणि मधल्या दिवशी काय? गावातली वीज जाते. :) जेम्सच्याच खटपटीमुळे जाते. महापौर गाडीवर भोंगा लावून 'सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे' म्हणत गावभर हिंडतो. स्टीवनला खरं कारण माहीत आहे, तोही महापौराच्या बाजूला बसून लोकांना धीर देतो. दुकानदारांचा माल खराब व्हायला लागतो. लोक आधी ऐकून घेतात, मग कुरकुरतात, मग भडकतात. एवढंच आहे त्या भागात.

एवढंच? ज्यांनी भारनियमनाची ती वर्षं झरीसारख्या गावात काढली, त्यांना विचारा हा भाग किती भरताड आहे ते. बारा-बारा तास वीज नाही, आज कुठल्या वेळेला येणार ते कुणी सांगेना, आणि जो कुणी बोलणारा भेटतो तो म्हणतो 'येईल, येईल'. वीज गेल्याचा राग नंतर येतो. आधी येतो 'येईल, येईल'चा राग. माणसाला अंधार सोसतो. आपल्याला कुणी काही सांगण्याच्या लायकीचं समजत नाही, हे सोसत नाही. त्या अमेरिकी कार्टूनवाल्यांनी हे बरोब्बर पकडलंय.

आणि दुसऱ्या दिवशी जेव्हा आकाशात यान दिसतं आणि सगळं गाव रिकामं करावं लागतं, तेव्हा तो गाड्यांमध्ये सामान भरणारा जमाव नुसता जमाव राहत नाही. काल ज्याच्या फ्राइज वाया गेल्या तो आहे. काल जो महापौर थापा मारत होता, तोच आज गाव बाहेर काढायला मदत करतोय. आदला भाग न बघता हे बघितलंत तर तुम्हाला फक्त पळणारी माणसं दिसतील. चित्रात काढलेली, रंगवलेली, बिननावाची. ती वाचली काय, मेली काय!

हाच माझा सगळा मुद्दा आहे, आणि पोस्टचं सार इथंच देऊन टाकते. काल्पनिक अद्भुतकथेत नायक नेहमी काहीतरी वाचवायला निघालेला असतो. गाव, राज्य, पृथ्वी, विश्व. ठीक आहे. पण जे वाचवायचं ते आधी दाखवा तरी! गाव न दाखवता 'गाव वाचवलं' म्हणणं म्हणजे जमीन न दाखवता सातबारा विकणं.

लार्सचं उदाहरण घ्या. डोनटच्या दुकानातला हा पोरगा भित्रा, चिडका आणि चारचौघांत आपण कसे दिसतो या काळजीने पोखरलेला. पहिली तीन-साडेतीन वर्षं तो मुख्य कथानकात कुठेच नाही. मे २०१७ मध्ये एक भाग आला, 'द गुड लार्स'. त्यात काय होतं? लार्सला बेकिंग येतं, चोरून. तरुण मंडळींचा प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा बेत ठरतो आणि लार्स उबेचा रोल करतो. (उबे म्हणजे जांभळा कंद, कोकणात कोनफळ म्हणतात तोच.) सुंदर होतो रोल. आणि हा पठ्ठ्या घेऊन जातच नाही! लोक हसतील म्हणून घाबरतो. यादीवाल्यांच्या मते हा शंभर टक्के टाळायचा भाग. केकची गोष्ट.

त्यानंतर लगेच पुढच्याच भागात कळतं की शत्रूचे लोक गावातली माणसं पळवताहेत, आणि लार्स स्टीवनबरोबर परग्रहावर जाऊन पडतो. तिथे, जो पोरगा केक घेऊन चार ओळखीच्या पोरांसमोर जाऊ शकला नव्हता, तो अनोळखी जीवांना वाचवायला पुढे उडी घेतो आणि मरतो. (स्टीवन त्याला अश्रूंनी जिवंत करतो, अद्भुतकथा आहे शेवटी.) आता सांगा, केक न बघता त्या उडीची किंमत तुम्हाला कशी कळणार? यानातून बॉम्ब टाकायला शौर्य लागतं हे सगळ्यांना दिसतं. पण लार्सला किती लागलं, हे मोजायचं माप त्या केकच्या भागात आहे. माप फेकून द्यायचं आणि मग वजन विचारायचं! आणि मजा म्हणजे हाच लार्स पुढे गावात परत येऊन बेकरी काढतो.

आता विरोधी पक्षाचंही ऐकते, कारण त्यांचं काही अगदीच खोटं नाही.

पहिला आक्षेप : वेळ चुकते. हे खरं आहे. २०१५ नंतर वाहिनीने या मालिकेचे भाग गठ्ठ्याने दाखवायला सुरुवात केली. एका आठवड्यात पाच भाग आणि मग महिनोन्महिने शुकशुकाट. लार्स परग्रहावर अडकलेला ठेवून मालिका थांबली ती २०१७ च्या शेवटी परत आली, आणि आल्याआल्या काय, तर बीच सिटीच्या महापौराची निवडणूक! लोक खवळले. मीही असते तर खवळले असते. सहा महिने उपाशी ठेवून पानात फक्त कोशिंबीर वाढली तर कोण खूश होईल? पण यात कोशिंबिरीचा काय दोष? वाढप्याला धरा. आज तोच भाग पाठोपाठ बघितला की कळतं, की ती निवडणूक आधीच्या अपहरणाचीच पुढची पायरी आहे. गावातली माणसं पळवली गेली, महापौराने काहीही केलं नाही, लोक जाब विचारतात, आणि पिझ्झावाल्यांची म्हातारी नानेफुआ उभी राहून म्हणते की आपण मिळून तोंड देऊ. आणि ती निवडून येते. याला मुख्य कथानक म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? संकट येऊन गेल्यावर गावात काय होतं, हे दाखवण्याची हिंमत किती मालिकांमध्ये असते?

दुसरा आक्षेप : काही टाउनी भाग खरंच टुकार आहेत. आहेत. युद्धाचेही काही भाग टुकार आहेत, पण त्यांची यादी कुणी करत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार : प्रमाण. गावच गाव दाखवत बसलात तर गोष्ट पुढे कधी जाणार? मान्य. आपल्याकडे ताटातल्या कालवणाला कोरड्यास म्हणतात (पुण्यात हा शब्द वापरला की लोक माझ्याकडे बघतात). नुसतं कोरड्यास पिऊन पोट भरत नाही, जीभ पोळते. नुसती भाकरी खाल्ली तर घशाखाली उतरत नाही. अद्भुतकथेतलं युद्ध म्हणजे कोरड्यास आणि गाव म्हणजे भाकरी. घासाला दोन्ही लागतं. वाद घालायचाच तर एका भाकरीला कोरड्यास किती, यावर घाला. भाकरी कशाला हवी, यावर नको.

आणि माझं स्वतःचं एक साधं माप आहे. चांगला गावभाग तो, ज्यात गावच्या माणसाला स्वतःची अशी एक अडचण असते, नायकाने दिलेली नव्हे, आणि भाग संपताना ते माणूस थोडं का होईना हललेलं असतं. तो हलल्याचा परिणाम पुढे टिकला पाहिजे. वाईट गावभाग तो, ज्यात गावकरी फक्त नायकाला टाळ्या वाजवायला जमतात.

आणि इथे मला आपल्या देशी ढोलकपूरला हात घालावाच लागेल. 'छोटा भीम', राजीव चिलका यांची मालिका, हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनची. २००८ पासून पोगोवर लागते. माझ्या ओळखीतलं एकही घर नाही जिथल्या पोरांना टुनटुन मौसीचे लाडू माहीत नाहीत. गाव आहे, राजा इंद्रवर्मा आहे, लाडवांचं दुकान आहे, कालिया आहे, ढोलू-भोलू आहेत. गावकरी म्हणावेत तेवढे आहेत. मग मी खूश असायला हवं, नाही का? नाही. कारण ढोलकपूरवर दर भागात संकट येतं, भीम लाडू खातो, संकट जातं, आणि पुढच्या भागात ढोलकपूर जिथल्या तिथे. कुणाला काही आठवत नाही. टुनटुन मौसीला लाडू विकण्यापलीकडे स्वतःची एक तरी काळजी आहे का? गुडघे दुखतात का तिचे? गुळाचे भाव वाढले तर ती काय करते? चोर आला की ओरडणं आणि चोर पकडला की लाडू देणं, एवढंच तिचं काम. इतकी वर्षं मुलं या गावात रोज जाऊन येतात आणि गावाबद्दल त्यांना काही म्हणता काही कळत नाही. हे खरं भरताड. गाव दाखवूनही न दाखवणं!

मारुतीचे सिनेमे आठवतात? २००५ चा 'हनुमान', व्ही. जी. सामंत यांचा. मोठा गाजला. त्यात सगळं थेट पुराणातलं. मग २००७ मध्ये अनुराग कश्यपचा 'रिटर्न ऑफ हनुमान' आला. त्यात हनुमान कंटाळून पृथ्वीवर एका घरात साधं पोर म्हणून जन्म घेतो, नाव मारुती, आणि शाळेत जातो. सिनेमा डोक्यावर घेण्यासारखा नाही, पण शाळेतला मारुती मला लंकेतल्या हनुमानापेक्षा जवळचा वाटला होता. साहजिक आहे. आपल्या गावागावांतून मारुती असतो तो पारावर, वेशीवर. त्याच्या पायरीवर बसून लोक कापसाच्या भावाचं बोलतात, सोयाबीनवरच्या किडीचं बोलतात. द्रोणागिरी उचलणारा देव आणि पायरीवरच्या गप्पा, दोन्ही एकाच देवळात. कुणी म्हणत नाही की गप्पा गाळा.

आपल्या लोकांना हे प्रमाण फार जुनं ठाऊक आहे, म्हणून तर मला या यादीवाल्यांचा जास्त राग येतो. तमाशा घ्या. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, आणि तेव्हा कुठे वग. राजाराणीचं, कट-कारस्थानाचं मुख्य कथानक म्हणजे वग. पण गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या बायका, त्यांची ती मावशी, तो पेंद्या. देव कृष्ण आहे, पण भांडण दही-दुधाच्या जकातीचं आहे. बतावणीत तर नुसती गावातली चेष्टा. ही सगळी भाकरी आधी वाढायची आणि मग वगाचं कोरड्यास. 'डायरेक्ट वगावर जा' असं सांगितलं तर फडावरच्या लोकांनी हाकलून दिलं असतं. (आणि हो, गवळणीतली मावशी मला व्यक्तिशः जवळची आहे, का ते भाच्याला विचारा.)

त्याच्याही मागे जा. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी गोविंदप्रभूंच्या आठवणी गोळा केल्या, 'ऋद्धिपूरलीळा'. मराठी गद्याच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांतलं हे एक. महानुभावांसाठी गोविंदप्रभू म्हणजे साक्षात परमेश्वर. आता परमेश्वराचं चरित्र म्हटल्यावर काय अपेक्षा असते? दैत्य, शस्त्रं, आकाशवाणी. आणि यात काय आहे? देव अमरावतीकडच्या ऋद्धिपुरात गल्लोगल्ली हिंडतो. कुणाच्या घरात शिरतो, दुकानावरचा खाऊ उचलतो, पोरांत खेळतो, रुसतो. छोट्या छोट्या लीळा, एकामागून एक, सगळ्या गावातल्या. अॅन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्ये या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्यांनी यादी बघून भाग गाळले असते तर हातात कोरं पुस्तक उरलं असतं.

आणि आपल्या जिल्ह्याची जनाबाई. गंगाखेड झरीहून दूर नाही, परभणी ओलांडली की गोदावरीकाठी. जनाबाईची ती कबीराची दंतकथा आजीने प्रत्येकाला सांगितली असेल. कबीर एवढ्या लांबून संत जनाबाईला भेटायला येतात आणि बघतात तर दोन बायका गोवऱ्यांवरून भांडताहेत! त्यातली एक जनाबाई. गोवऱ्या चोरल्याची तक्रार आहे. आता सारख्या दिसणाऱ्या गोवऱ्यांतून हिच्या कुठल्या आणि तिच्या कुठल्या, हे कसं ठरवायचं? तर जनाबाई सांगते, कानाला लावा, ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू येईल ती माझी. बघा. अख्ख्या भक्तीचं तत्त्वज्ञान, आणि मांडलंय कशात, तर गोवऱ्यांच्या भांडणात. गोवऱ्यांचं भांडण 'फिलर' म्हणून काढून टाका आणि मग तो चमत्कार सांगून दाखवा. सांगता येणार नाही.

आता मी ज्याच्यासाठी एवढं लिहिलं तिथे येते. हा वाद मला कार्टूनपुरता वाटत नाही. यादी करण्याची सवय एकदा लागली की ती टीव्हीपुरती राहत नाही.

झरी नकाशावर शोधायला गेलात तर परभणीहून जिंतूरला जाताना लागते. आता सांगा, आमच्यासारखं गाव बातमीत कधी येतं? दुष्काळ पडला की. शेतकऱ्याने जीव दिला की. निवडणूक आली की. म्हणजे मुख्य कथानकाचं स्पेसशिप गावावर आलं की! तेवढ्यापुरता कॅमेरा येतो, वाळलेली विहीर दाखवतो, एक म्हातारी रडताना दाखवतो, आणि जातो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. देशभर दिसली. रेल्वेचा प्रत्येक डबा दिसला. पण ज्या गल्लीत ते पाणी गेलं तिथे नळावर कोण आधी, कोण नंतर, कोणी कुणासाठी हंडा धरून ठेवला, त्या उन्हाळ्यात कुठलं लग्न पुढे ढकललं आणि कुठलं तसंच उरकलं, हे कुणी दाखवलं? नाही. त्यात काहीच होत नव्हतं ना!

आणि मग आपणच विचारतो की शहरातल्या माणसाला मराठवाड्याचं काही वाटत कसं नाही? कसं वाटेल? त्याने ढोलकपूर बघितलंय. संकट येतं, मदत जाते, पुढचा भाग. त्याला आमच्या गावातला लार्स माहीत नाही, नानेफुआ माहीत नाही. पळणारी, रडणारी, रंगवलेली, बिननावाची माणसं माहीत आहेत. दया येते त्याला, पण दया यायला ओळख लागत नाही. काळजी वाटायला लागते.

आता तर वाहिन्यांनीही तीच यादी हातात घेतली आहे. 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' या २००५ च्या मालिकेचं पहिलं पर्व २० भागांचं होतं. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सने खऱ्या माणसांना घेऊन ते पुन्हा केलं, ते ८ भागांत. भाग लांबीने मोठे आहेत हे खरं, नुसता आकडा दाखवून मी कुणाला फसवणार नाही. पण आठ-दहा भागांच्या साच्यात पहिल्यांदा कात्री कशावर चालते ते बघा. वाटेतल्या गावांवर. जुन्या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात २००६ साली एक भाग होता, बा सिंग से नावाच्या शहरातल्या एका दिवसाच्या सहा छोट्या गोष्टी. युद्ध एक इंच पुढे सरकत नाही. आणि आज वीस वर्षांनी त्या मालिकेतलं काय आठवतं विचाराल तर लोक त्यातली इरोह काकांची गोष्ट सांगतात. बाजारातून चालत जाणारा, भेटेल त्याला मदत करणारा, आणि शेवटी टेकडीवर आपल्या मेलेल्या मुलासाठी रडणारा म्हातारा. यादीवाल्यांनो, तुम्हीही रडला होतात. मला माहीत आहे.

तेव्हा मालिका बनवणाऱ्यांना सांगणं एवढंच, की गाव ठेवा, पण जिवंत ठेवा. टाळ्या वाजवायला ठेवू नका. आणि बघणाऱ्यांना सांगणं, की यादी फेका. अकरा मिनिटं तर आहेत. अकरा मिनिटांत तुम्ही काय मोठे दिवे लावणार होतात?

असो. फार झालं. आता बऱ्याच दिवसांत आपल्या मंडळींत खो-खो झालेला नाही, तर मी खो देते. नियम सोपा. आपापल्या गावातलं एक माणूस निवडायचं. नाव घालू नका, धंदा पुरे. जो कुठल्याही बातमीत आला नाही, ज्याने कुणाला वाचवलं नाही, ज्याच्यावर मोठं संकट आलं नाही, असा. आणि त्याचा एक दिवस लिहायचा. संकट आणायचं नाही, नायक आणायचा नाही. शेवटी ते माणूस थोडं हललं पाहिजे, बास. माझा खो वर उल्लेख केलेल्या गाळणीवाल्या ब्लॉगमित्रांना, माझ्या दोन्ही आत्यांना, आणि भाच्याला. त्याला फोनवर टाइप करायला अडचण नसावी, यादी तर केवढी मोठी टाइप केली आहे.

मी झरीच्या स्टँडवरच्या चहावाल्यावर लिहायला घेतलं आहे. दुधाचा भाव वाढला तेव्हा त्याने कप लहान केला नाही, चहाचा भावही वाढवला नाही, आणि तरी टपरी चालू आहे. कशी, ते मला अजून कळलेलं नाही. पुढच्या सुट्टीत विचारणार आहे.